मिस्त्रींनी न उघडलेली गाडी

“पोचन. पन तोच पोचन का?”

आमच्या शेजारचे मिस्त्री हे वाक्य कशालाही लावायचे. नागपूरहून मागवलेला पिस्टन असो, सोयरिकीची बोलणी करायला निघालेला पाहुणा असो, की निवडून येऊन मुंबईला गेलेला आमदार असो. वाक्य बोलायच्या आधी ते चिंधीने हात पुसत. हात काही स्वच्छ होत नसे. चिंधीवरचं तेल हातावर येई आणि हातावरचं चिंधीवर जाई. मग ते दोन्हींकडे आळीपाळीने बघत. यातलं कोण कुठे गेलं, याचा त्यांना खरोखरच प्रश्न पडलेला असे.

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी राहून गेला असेल. साधं “हो” किंवा “नाही” त्याच्या तोंडून निघत नाही, आणि त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की आपल्यालाही निघेनासं होतं.

पांढरकवड्याला हमरस्त्याच्या कडेला आमचं भाड्याचं घर होतं. कुंपणापलीकडे मिस्त्रींचं गॅरेज: वर टिनपत्रे, बाजूला एक कडुनिंब आणि त्याखाली पोट उघडं टाकून उभे असलेले ट्रक. नागपूरकडून हैदराबादला जाणारा आणि हैदराबादकडून नागपूरला येणारा प्रत्येक ट्रक कधी ना कधी त्या निंबाखाली येऊन गेलेला. मी अमरावतीहून लग्न होऊन नुकतीच आले होते. मॅट्रिक पास होते, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि डोळे ठणठणीत असूनही चष्मा लावत होते. बिननंबरी. शिकलेलं दिसावं म्हणून. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “आमच्या सूनबाईले त्या चष्म्यातून चंद्र-सूर्य बरोबर दिसते. भाकर करपली तेवढी दिसत नाही.” आज तेव्हाच्या त्या पोरीला रस्त्यात गाठून तिचा चष्मा पळवावा असं मला फार वाटतं.

तर मिस्त्रींची एक गंमत अख्ख्या गावाला ठाऊक होती. हा माणूस स्वतः कोणत्याही गाडीत बसत नसे. ट्रकमध्ये नाही, एस.टी.त नाही, जीपमध्ये नाही. दुरुस्त केलेली गाडी फिरवून बघायची झाली तर ड्रायव्हरला पिटाळत आणि आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून कान देत. मी एकदा विचारलं, तुम्हाला मळमळतं का? त्यांनी आधी हात पुसले.

“मळमळ नाही, बाई. मी एकेक नट ओळखतो. कोनता ढिला हाये, कोनता तारेनं बांधून देल्ला हाये, मले सारं मालूम हाये. तुमी बसता कारन तुमाले काही मालूम नाही.”

मी विज्ञान शिकवणारी. मी चष्मा काढून पुसला.

मिस्त्रींची बायको वारली होती. एकच लेक होती, ती हैदराबादला दिलेली. लग्न इथेच झालं, त्यामुळे तेव्हा कुठे जायचा प्रश्न आला नाही. ती ज्या ट्रकने सासरी गेली, तो ट्रक मिस्त्रींनी आदल्या दिवशी सबंध उघडून पुन्हा बांधला होता आणि तरी ती पोचल्याचा निरोप येईपर्यंत ते जेवले नव्हते. आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हिला हलवायचं नाही. आई नाही, बहीण नाही. तिने एका ड्रायव्हरच्या तोंडी निरोप पाठवला, अब्बा, तुम्ही तेवढे या. मला एकटीला भीती वाटते.

ड्रायव्हरने निरोप सांगितला तेव्हा मी कुंपणाशीच होते. मिस्त्रींनी हात पुसले, पुन्हा पुसले, आणि या वेळी ते नेहमीचं वाक्यसुद्धा बोलले नाहीत.

नेमक्या त्याच आठवड्यात मी एका मासिकात एक गोष्ट वाचली. एका शास्त्रज्ञाने दोन कपाटं तयार केली होती, एक इथे, एक समुद्रापलीकडे. इकडच्या कपाटात माणूस शिरला, दार लावलं, कळ दाबली, की माणसाचे कण कण सुटे होत, त्यांची खबर विजेच्या लहरींवरून पलीकडे जाई आणि तिकडच्या कपाटात तोच माणूस पुन्हा बांधला जाई. ना चाक, ना रस्ता. मी उड्या मारतच कुंपणाशी गेले. माझं वय तेव्हा वीसच्या आसपास होतं, आणि रशियाने नुकताच माणूस आभाळात फिरवून परत आणला होता, त्यामुळे आता सगळंच होणार अशी माझी खात्री होती. आवाज रेडिओतून येतो, तर माणूस का नाही येणार?

मिस्त्रींनी गोष्ट नीट ऐकून घेतली. सुटे करणे आणि बांधणे हा त्यांचाच धंदा. मग विचारलं,

“त्या कपाटाचा मिस्त्री कोन असन?”

मी म्हटलं, मशीनच ते करील.

“मले सांगा बाई, मी इंजन उघडून बांधतो ना, तं दरवेळी एखांदा वायसर उरते. गाडी चालते, बराबर चालते. पन वायसर उरते. मानसाचं काय उरन?”

काही उरणार नाही, मी ठासून सांगितलं. विज्ञानात काही उरत नाही. (तुम्ही हसा, मीही हसते.) मग त्यांनी दुसरं काढलं. इकडचा माणूस सुटा केला, त्याची खबर तिकडे गेली, तिकडे तसाच नवा बांधला. बरं. पण इकडचा सुटा करायचा राहून गेला तर? मग इथे एक मिस्त्री आणि हैदराबादला एक मिस्त्री. लेक अब्बा कोणाला म्हणेल? आणि इकडचा सुटा केलाच, तर तो मेला का? मेला असेल तर गेलं कोण?

मी शाळेतलं पुस्तक आणून चाळलं. त्यात तरफ होती, कप्पी होती, पाण्याची वाफ होती. याबद्दल अक्षर नव्हतं. तरी मी म्हणून टाकलं, आठ-दहा वर्षांत होईल कपाट. कुंपणाअलीकडे निंबाच्या सावलीत खाटेवर बसलेल्या सासूबाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही. “तवरक त्याची पोरगी पोटातच ठेवन का लेकरू?”

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ वाद घालायचा, त्यापेक्षा माणसाने डोळे मिटून बसावं गाडीत. आम्हीही तेच म्हणत होतो. पण आपल्याला जे कळलेलं आहे ते न कळल्यासारखं करणं किती अवघड, हे ज्याला कळलेलं असतं त्यालाच ठाऊक.

उलट मिस्त्री त्या कपाटाच्या मागेच लागले. रोज एक नवा मुद्दा काढून कुंपणाशी येत. एके दिवशी म्हणाले, बाई, आपला जिल्हा छप्पन साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, साठ साली महाराष्ट्रात. आपण घरातच बसून होतो. तुम्हाला हिसका जाणवला का? मी म्हटलं, नाही. “मलेबी नाही. लेकीचं हैदराबाद बी तसंच, जाग्यावरच ऱ्हाऊन आंध्रात गेलं. म्हंजे न हालता जाता येते.” मी सांगितलं, ते कागदावर. यावर सासूबाई म्हणाल्या की कागदावर गेलो असतो तर बरं होतं, माझे दुखरे गुडघे जुन्याच प्रांतात राहिले असते. नेमकं कोण काय म्हणालं आणि कोणाचं बरोबर निघालं, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच कळलं नाही.

पावसाळ्यात एक भानगड झाली आणि सगळं आणखीच गुंतलं. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन ट्रक गॅरेजमध्ये एकदम उघडले होते. पाणी आत शिरायला लागलं म्हणून घाईने सामान टिनाखाली ओढलं, आणि कोणतं कोणाचं ते गेलं मिसळून. मिस्त्रींनी दोन्ही गाड्या बांधल्या, दोन्ही झकास सुरू झाल्या. पण ड्रायव्हर भांडायला लागले. एक म्हणे ही माझी गाडी नाही, दुसरा म्हणे हीसुद्धा माझी नाही. नंबराची पाटी दाखवली तरी ऐकेनात. पाटी काय, कोणीही लावतं. शेवटी त्यांतला नागपूरचा ड्रायव्हर एकीत चढला, सीटवर बसला, जरा हलला आणि खुशीत म्हणाला, हीच. सीटमध्ये त्याच्या बसण्याने पडलेला खोलगा होता. इंजिन अर्धं दुसऱ्याचं होतं, पण खोलगा त्याचा होता.

मिस्त्री त्या दिवशी काम बंद करून बसून राहिले. मला म्हणाले, कपाटवाला शास्त्रज्ञ कण तर सगळे मोजील, पण खोलगा मोजील का? खोलगा म्हणजे काही सामान नव्हे, तिथे सामान नाही म्हणून तर तो खोलगा. मी म्हटलं, सीटचे कण जसेच्या तसे लावले की खोलगाही येईल. “येईन,” ते म्हणाले. “पन त्याले तो आपला वाटन का?”

आता मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. माझी नात भौतिकशास्त्र शिकते. मी तिला विचारलं, काय गं, ते कपाट झालं का? ती म्हणाली, आजी, एका अर्थी झालंय. प्रयोगशाळेत एका कणाची अवस्था दूरच्या दुसऱ्या कणाला देता येते. कण जात नाही, अवस्था जाते, आणि ती तिकडे गेली की इकडची मोडते. दोन्हीकडे राहूच शकत नाही. मी म्हटलं, म्हणजे दोन मिस्त्री होणार नाहीत. ती म्हणाली, कोण मिस्त्री? पुढे म्हणाली, पण तिकडे ती बरोबर बसवायला इकडून साध्या मार्गाने एक निरोपही पाठवावा लागतो. म्हणजे ड्रायव्हरच्या तोंडी, मी म्हटलं. आणि माणसाचं? माणसात इतके कण असतात की ते कधी व्हायचं नाही, ती म्हणाली. मग म्हणाली, निदान आत्ता तरी तसं वाटतं. आणि पुढे, पण तत्त्वतः... एवढी शिकलेली पोर, पण तिचा चेहरा निंबाखालच्या आम्हा तिघांसारखा झालेला पाहून मला फार बरं वाटलं.

असो. तिकडे लेकीचे दिवस भरत आले. मिस्त्रींनी एका सकाळी पायात चपला घातल्या आणि चालत निघाले. होय, हैदराबादला, पायी. वाटेवरच्या पाटणबोरीपर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. झालं असं की रस्त्यावरचा दर दुसरा ट्रक त्यांना बघून थांबे. मिस्त्री, बरे भेटलात, जरा हा आवाज ऐका. नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. शेवटी एका नागपूरकडे निघालेल्या गाडीचं काम करता करता तिच्या हळू चालीबरोबर कान देत, बाजूने चालत चालत, ते उलट गावाकडेच येऊन पोचले.

लेकीचा दुसरा निरोप आला. त्यात या, असं नव्हतं. अब्बांना म्हणावं, नाही आलात तरी चालेल, मी समजून घेईन, एवढंच होतं. मिस्त्री कुंपणाशी आले. हातात चिंधी नव्हती.

“बाई, कपाट निंगालं का?”

मी नाही म्हटलं. तेवढं एकच उत्तर मी त्या काळात सरळ दिलं.

तेव्हा सासूबाई खाटेवरून बोलल्या. “मिस्त्रीभाऊ, आमच्या सूनबाईच्या कपाटात तुमी बसाले तयार होते ना? काहून? तं त्याचे नट तुमाले मालूम नव्हते म्हून. मंग तशीच गाडी पाहा ना. जिच्या पोटात तुमचा हात गेला नाही अशी.”

मिस्त्रींनी विचार केला. अशी गाडी त्या रस्त्यावर नव्हतीच. तरी त्या दिवसापासून त्यांनी गॅरेज सोडून रस्त्याच्या कडेला बसायला सुरुवात केली. येणारी गाडी दुरूनच ओळखत आणि मान हलवत. ही उघडली. ही उघडली. हिचा तर गिअरबॉक्सच माझा.

आणि एका दुपारी नागपूरकडून एक कोराकरकरीत ट्रक आला. बॉनेटवर झेंडूची माळ, पुढे लिंबू-मिरची, मागे संत्री. पहिलीच खेप होती. ड्रायव्हर पाणी प्यायला थांबला. मिस्त्री उठले, दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरले. हात लागू नये म्हणून. कुठे चालला, विचारलं. हैदराबाद. मला नेशील? ड्रायव्हर खूश झाला. निंबाखालच्या मिस्त्रींचं नाव त्याने ऐकलेलं होतं. म्हणाला, बसा की, पण मिस्त्री, नागपूर सोडल्यापासून खालून थोडा आवाज येऊन राह्यला, तेवढा बघता का? आणि त्याने बॉनेटला हात घातला.

मी कुंपणाशी होते, सासूबाई खाटेवर होत्या. मिस्त्रींचा चेहरा मी आजवर विसरले नाही. इंजिन चालूच होतं. आवाज मलासुद्धा येत होता, कट्-कट्, कट्-कट्. मिस्त्रींना त्यात काय काय ऐकू येत असेल ते तेच जाणोत. नाही म्हणणं न जमणारा तो माणूस, दोन्ही कानांत बोटं घालून उभा राहिला.

“झाक ते,” ते म्हणाले. “मले काही आयकू नाही येत.”

ड्रायव्हरने बॉनेट सोडलं. सासूबाईंनी घाईघाईने भाकर-ठेच्याचं आणि डिंकाच्या लाडवांचं गाठोडं आणलं. मिस्त्री केबिनमध्ये चढले, गाठोडं गुडघ्यांत धरलं, कारण बोटं कानांत होती. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले. ट्रक हलला तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. दुवा म्हणत होते की नट मोजत होते, कळलं नाही.

तो ड्रायव्हर परतीच्या खेपेला आमच्याकडे मुद्दाम थांबला. म्हणाला, या माणसाने पूर्ण रस्ता डोळे उघडले नाहीत. उतरवावं लागे तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरत आणि तसेच चढत. लेकीच्या दारात नेऊन उभं केलं. ती पोटाला हात धरून उंबऱ्यात आली, बघत राहिली आणि म्हणाली, “अब्बा, आप? कैसे आए?”

तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“मालूम नहीं, बेटी.”

दोन दिवसांनी मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. सासूबाईंनी ड्रायव्हरसमोर गुळाचा खडा ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. “इथं डोये झाकले, तिथं उघडले, मधातलं काही मालूम नाही. हेच ना वं तुयं कपाट?” हेच की दुसरं काही, मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आता आजी झाले तरी येत नाही.

मिस्त्री परत आले नाहीत. रुसून नव्हे. तिकडे चार दिवस बसून हात शिवशिवायला लागले, म्हणून लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी एका अडलेल्या ट्रकचं काम करून दिलं. मग दुसऱ्याचं. महिन्याभरात तिकडचे ट्रक त्यांच्याकडे जायला लागले, तो संत्र्यांचा नवा ट्रकसुद्धा. इकडचे सगळे आधीच उघडलेले, आता तिकडचेही. यायला त्यांना गाडीच उरली नाही. कोणी ड्रायव्हर सांगे, मिस्त्री नातीला मांडीवर घेऊन रिक्षात बसून हिंडतात. दुसरा सांगे, छे, ते अजून पायीच चालतात, रिक्षात बसणारा कोणी वेगळाच म्हातारा असेल. मला दोन्ही खरं वाटायचं.

इकडचं गॅरेज त्यांचा पुतण्या चालवू लागला. दक्षिणेकडून आलेला ट्रक उघडला की कधीकधी त्यात एखादी नळी तारेने बांधलेली सापडे. मिस्त्री डावखुरे होते, त्यांची गाठ उलटी वळलेली असे. तशी दिसली की पुतण्या कुंपणाकडे बघून हाक मारी, “बाई, चाचा आले.” मी आणि सासूबाई जाऊन बघायचो. इंजिन अजून गरम असायचं. ती गाठ पुतण्या कधी सोडत नसे. बाकीचं काम आटोपून बॉनेट लावून टाकी, आणि गाडी तशीच नागपूरच्या वाटेला लागे.